नाकातलं शिसं

जून-जुलैत गोव्यात, आमच्या वास्कोच्या खारीवाड्यावर, म्हणजे मासेमारीच्या धक्क्यावर गेलं की ओळखीची जागा अनोळखी वाटते. मासेमारी बंद असते. ट्रॉलर एकमेकांना खेटून बांधलेले, लिलावाचा आरडाओरडा नाही, आणि ताडपत्रीखाली पाय पसरून जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. तिथे मी शिसं मागायला गेलो होतो. जाळं बुडावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीत शिशाचे तुकडे ओवतात, ते दहा-बारा हवे होते. जाळं शिवणाऱ्याने हात न थांबवता विचारलं, "सर, शिशें कित्याक? गरयेक?" म्हणजे गळासाठी का.

"न्हय, विमानाक."

आता हात थांबला. "विमानाक शिशें? मागीर तें उडटलें कशें?"

"उडपाक न्हय. सारकें बसपाक."

त्याने मूठभर दिलं, पैसे घेतले नाहीत. दहा पावलं गेल्यावर मागून ऐकू आलं, "सर पिसो जाला." म्हणजे सरांना वेड लागलं. पावसाळ्यात वास्कोत बातमी लवकर फिरते. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत बायकोलाही ती कळलेली होती.

विमान प्लास्टिकचं आहे. हॉकर कंपनीच्या सी हॉक या नौदलाच्या लढाऊ विमानाचं मॉडेल, प्रमाण 1/48. खरं विमान 12 मीटर लांब, माझं 25 सेंटिमीटर. पंखांचा पसाराही जवळजवळ तेवढाच, त्यामुळे वरून पाहिलं तर अधिकाचं चिन्ह दिसतं. चाकं तीन, एक नाकाखाली आणि दोन पंखांखाली. खऱ्या विमानाच्या पुढच्या भागात 20 मिलिमीटरच्या चार तोफा, त्यांचा दारूगोळा, पायलट आणि त्याची सीट, असा भरपूर ऐवज असतो. प्लास्टिकचं नाक मात्र पोकळ. त्यामुळे सगळं जोडून झालं, रंग झाला, हौसेने टेबलावर ठेवलं, की ते हळूच मागे कलतं आणि शेपटीवर बसतं, नाक वर करून, पोळीची वाट बघणाऱ्या कुत्र्यासारखं. हे माझ्याबाबतीत एकदा झालेलं आहे. अंगाचे दोन अर्धे एकदा जोडले की पुन्हा उघडत नाहीत, म्हणून वजन आधी भरायचं, जोडणी मग.

ते का उघडत नाहीत हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तीस वर्षं उच्च माध्यमिकला रसायनशास्त्र शिकवलं. या छंदात जो 'गोंद' वापरतात तो गोंद नसतोच, तो द्रावक असतो. पॉलिस्टायरीन त्यात विरघळतं, दोन्ही कडांचे रेणू एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातो आणि मागे एकसंध प्लास्टिक उरतं. दोन तुकडे होते हे सांगायला फक्त एक बारीक रेघ राहते. ती रेघ पॉलिश पेपरने घासून घालवण्यात माझे निवृत्तीनंतरचे बरेच तास गेले आहेत. वर्गात मी हेच उदाहरण देत असे. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि विसरायची. त्यात त्यांची चूक नाही, माझ्या खिशात दाखवायला विमान नसायचं.

विमानवाहू जहाजावरची लढाऊ विमानं हा या छंदातला एक वेगळाच पंथ आहे. बहुतेकांच्या कपाटात दुसरं महायुद्ध भरलेलं असतं, जपानी झीरो, अमेरिकन वाइल्डकॅट, हेलकॅट, कोर्सेअर. मीही तिथूनच सुरुवात केली. या विमानांची गंमत अशी की समुद्राने आणि जागेच्या टंचाईने त्यांचा आकार ठरवलेला असतो. झीरोच्या पंखांची टोकं हातभर दुमडायची, कारण जहाजाच्या लिफ्टमध्ये तेवढीच अडचण होत होती. कोर्सेअरचा पंख मध्येच खाली वाकलेला, कारण नाकावरचा फिरता पंखा इतका मोठा की पंख सरळ ठेवला असता तर चाकांच्या काठ्या फार उंच आणि कमजोर झाल्या असत्या. वाइल्डकॅटचे पंख मागे कसे मिटवायचे हे कोडं ते बनवणाऱ्या ग्रमन कंपनीच्या लिरॉय ग्रमन यांनी म्हणे एक खोडरबर आणि कागदाच्या दोन क्लिपा घेऊन सोडवलं. रबर म्हणजे विमानाचं अंग, क्लिपा म्हणजे पंख, आणि क्लिप कुठल्या कोनात खुपसली की ती फिरून अंगाला चिकटून बसते ते बघत बसायचं. हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. टेबलावर बसून प्लास्टिकशी खेळणाऱ्या माणसाला असा एखादा पूर्वज लागतो.

पण ती विमानं दुसऱ्यांच्या समुद्रातली. माझ्या डोक्यावरून गेलं ते सी हॉक.

माझं लहानपण चिखलीत गेलं. दाबोळीची धावपट्टी पठारावर, चिखली तिच्या पायथ्याशी. शाळेचे गुरुजी पाढे घेत असायचे. आधी एक शिटी यायची, मग कुणी नवंकोरं मांजरपाट टरकन फाडल्यासारखा आवाज, आणि गुरुजी 'बारा साते' म्हणून थांबायचे. आवाज बोगमाळोच्या दिशेने जाऊन विरला की 'चौऱ्याऐंशी'. आमच्या वर्गातल्या सगळ्यांच्या पाढ्यांत अशा फटी आहेत. आजीला तो आवाज आवडायचा नाही. तिने 18 डिसेंबर 1961 ची सकाळ पाहिली होती, भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या याच धावपट्टीवर बाँब टाकले ती. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज राज्य संपलं. पुढच्या एप्रिलात धावपट्टी नौदलाच्या ताब्यात आली आणि 1964 मध्ये आयएनएस हंसा हा नौदलाचा विमानतळ तमिळनाडूतल्या सुलूरहून इथे हलला. आजीच्या लेखी मात्र विमान म्हणजे बाँब. वरून काही गेलं की ती परसात वाळत घातलेली आमसुलं आत घ्यायची. तेवढ्याने काय वाचणार होतं, हे तिला कुणी विचारलं नाही.

सी हॉकची सगळी हकीकत सांगत बसत नाही, पण थोडी सांगायला हवी, कारण मॉडेलमध्ये ती हाताला लागते. 1947 मध्ये त्याचा पहिला नमुना उडाला. एकच इंजिन, रोल्स-रॉइसचं नीन, तेही अंगाच्या मधोमध. हवा आत घ्यायची तोंडं पंखांच्या मुळाशी, आणि गरम वायू शेपटीतून न सोडता पंखांच्या मागे दोन्ही कुशींतून बाहेर. नळीला दोन फाटे फोडलेले. त्यामुळे नळी आखूड झाली आणि मागच्या अंगात इंधनाच्या टाकीला जागा मिळाली. मॉडेल करताना ते दोन फाटे आतून पाच तुकड्यांत जोडावे लागतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यातलं अर्धं बोटसुद्धा दिसत नाही. मी ते सगळं रंगवलं. का, ते विचारू नका.

आपल्या नौदलाची 300 क्रमांकाची स्क्वाड्रन, 'व्हाइट टायगर्स', 1960 मध्ये ब्रिटनमध्येच या विमानांवर उभी राहिली. पुढच्या वर्षी मार्चमध्ये बेलफास्टला आयएनएस विक्रांत नौदलात आली. नंतर पश्चिम जर्मनीच्या नौदलाने वापरून काढलेली सी हॉकही आपण घेतली. जर्मनांसाठी बनवलेल्या विमानांची उभी शेपटी ब्रिटिश विमानांपेक्षा उंच. माझ्या किटमध्ये दोन्ही शेपट्या होत्या. सूचनापत्रात बाण काढून लिहिलेलं, यातली एक निवडा. त्या बाणाने माझे दोन महिने खाल्ले.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक काका राहतात. मूळचे सातारकडचे. अठराव्या वर्षी नौदलात गेले, पंधरा वर्षं विमानांच्या सांगाड्यावर काम केलं, पत्रा, रिव्हेट, बिजागऱ्या. मग इथल्याच एका गोदीत लागले आणि गोव्याचे झाले. त्यांच्या एका वाक्यात सातारा आणि वास्को दोन्ही येतात. मला ते 'मास्तर' म्हणतात. वर्षानुवर्षं आमचं बोलणं पाण्याच्या टाकीपुरतं होतं. एकदा त्यांनी माझ्या हातात ते खोकं पाहिलं, वरचं चित्र बघितलं आणि म्हणाले, "हे तर आमचं जनावर."

मला वाटलं, सापडला खजिना. चहा मांडला, वही घेतली आणि सरळ 1971 वर गेलो. विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेले होते, जहाज पूर्ण वेगाने जाऊ शकत नव्हतं, तरी ते बंगालच्या उपसागरात उतरवलं. तिच्या मागावर आलेली पाकिस्तानची गाझी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ बुडाली. 4 डिसेंबरला विक्रांतवरून सी हॉक उठले ते कॉक्सबाजारवर, त्याच दिवशी चितगाववर. हे सगळं मला पाठ होतं. आता फक्त डेकवरचा वास, विमान डेकवरून फेकणाऱ्या वाफेच्या कॅटापल्टचा दणका, असलं काहीतरी यायचं बाकी होतं.

"मी इथं होतो," काका म्हणाले.

"इथं म्हणजे?"

"दाबोळीला. हँगरमध्ये. विमानं आम्ही तयार करून दिली, ती गेली. आम्ही ऱ्हायलो. रेडिओवर ऐकलं." चहाचा घोट घेऊन पुढे म्हणाले, "सगळ्यांना विक्रांतच पायजे असतं, मास्तर. माझ्या नातवालापण. शाळेत सांगून आला, आजोबांनी बाँब टाकले म्हणून."

मी वही मिटली. मग त्यांनीच खोकं पुढे ओढलं, पंखाचे दोन तुकडे उचलले, जिथून पंख वर दुमडतो तिथे अंगठा ठेवला आणि म्हणाले, "इथनं गळायचं." हायड्रॉलिकचं तेल. पंख मिटायला, चाकं आत घ्यायला, सगळीकडे ते लागतं, आणि विमान उभं राहिलं की कुठून ना कुठून ठिबकतं. प्रत्येक विमानाखाली पत्र्याचे ट्रे ठेवायचे. तेलाचे रिकामे डबे उभे चिरून, कडा दुमडून, ट्रे त्यांनीच बनवलेले. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे कुठल्या ट्रेमध्ये किती तेल आहे ते बघणं. "कोरडा ट्रे दिसला तर जास्त भ्या वाटायचं. म्हंजे तेल संपलंय, नायतर कुणीतरी ट्रे पुसून ठेवलाय."

युद्धाची वही कोरी राहिली. गळतीबद्दल मात्र त्या दिवशी तीन पानं लिहिली.

जुलैत पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा आम्ही दोघं स्कूटरवर बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाच्या विमानांच्या संग्रहालयात गेलो. 1998 पासून ते आहे. प्रवासी विमान असावं असं अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशन, फायरफ्लाय, व्हॅम्पायर, पाणबुड्या शोधणारं आलिझे, नंतर आलेलं सी हॅरियर, सगळी उघड्यावर गवतात उभी. आमचं सी हॉकही. काका त्याच्याभोवती एकदा फिरले आणि सवयीने खाली वाकून पोटाकडे पाहिलं. त्यांच्या मागून एक कॉलेजचं जोडपं सेल्फी काढायला आलं होतं. म्हातारा विमानाखाली काय शोधतोय हे त्यांना कळेना. काका सरळ झाले, हात झटकले. "कोरडं ठणठणीत," म्हणाले.

मी रंगाबद्दल विचारलं. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात उभ्या विमानाला वरचेवर रंग द्यावाच लागतो. तो रंग टिकण्यासाठी असतो, पुराव्यासाठी नव्हे. काका म्हणाले, "ह्यो उभं ऱ्हायचा रंग. आमचा उडायचा होता." तो कसा होता? "वरनं काळपट करडा. एकदम दर्याचा, ढग भरून आल्यावर दिसतो तसा."

माझ्या आठवणीत मात्र करडं काही नव्हतंच. माझं सी हॉक पांढुरकं होतं, हिरवट झाक असलेलं. मी हट्टच धरला. चिखलीत आठ वर्षं पाहिलंय, रोज. काकाही हटेना, त्यांनी हाताने रंग घासलेला. घरी येताना स्कूटरवर आम्ही जवळजवळ भांडलो. चिखलीच्या उतारावर, शाळेच्या जुन्या जागेपाशी, डोक्यावरून एक प्रवासी विमान उतरायला आलं. मी मान वर केली आणि मला माझं उत्तर मिळालं. मी आयुष्यात सी हॉक वरून कधी पाहिलेलंच नव्हतं. मला फक्त पोट माहीत होतं. काकांना पंखावर उभं राहून दिसणारी पाठ माहीत होती.

ब्रिटिश नौदलाची हीच तर रीत होती आणि आपण ती तशीच घेतली. पाठ गडद करडी, म्हणजे वरून पाहणाऱ्या शत्रूला ती समुद्रात मिसळून जावी. पोट 'स्काय' नावाच्या रंगाचं, म्हणजे खालून पाहणाऱ्याला ते आकाशात हरवावं. नाव स्काय असलं तरी तो आकाशी नाही. दुधी भोपळा किसून पाच मिनिटं ठेवला की जो रंग येतो, तो. हंब्रोल कंपनीच्या रंगाच्या डबीवर त्याचा नंबर 90, आणि करड्याचा 123. शाळेच्या पटांगणातून मला जे दिसलं ते मला दिसूच नये म्हणून रंगवलेलं होतं. ते काही साधलं नाही, आम्ही सगळे पाढे सोडून वरच बघत होतो.

रंग द्यायची वेळ आली ती श्रावणात, म्हणजे गोव्यात रंग देण्याच्या सगळ्यात वाईट वेळी. वास्कोच्या दामोदराचा सप्ताह सुरू होता. चोवीस तास भजन, रस्त्यावर फेरी, लाऊडस्पीकरवरचा मृदंग थेट माझ्या बाल्कनीत येत होता, आणि त्या ठेक्यावर माझा छोटा कॉम्प्रेसर धडधडत होता. पाठीवर करड्याचा पहिला हात मारला. दहा मिनिटांत त्यावर पांढरी साय धरली. यालाही कारण आहे आणि तेही मी शिकवलेलं आहे. थिनर भराभर उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, गार पृष्ठभागावर हवेतली वाफ जमते आणि ओल्या रंगात अडकते. श्रावणातल्या वास्कोत हवेला वाफेची काय कमतरता? आपल्याला कारण माहीत आहे याचा चुकीच्या क्षणी फारसा आधार वाटत नाही, उलट जास्त राग येतो. सगळा रंग उतरवला. कुकरच्या रिकाम्या खोक्यात साठचा बल्ब लावून विमान आत ठेवलं. बायकोने त्यात एका बाजूला पोह्याचे पापड ठेवले. दोन्ही वाळलं. पापडाला थिनरचा वास लागल्याचं मला खूप नंतर सांगण्यात आलं.

एवढ्या बारीक प्रमाणात नजर कशी बदलते ते सांगतो. 1/48 म्हणजे खऱ्या चार फुटांचा माझ्याकडे एक इंच. सहा फुटांचा माणूस दीड इंचाचा. पंखाची मागची कड साच्यातून येते ती एक मिलिमीटर जाड. खऱ्या विमानावर ती 48 मिलिमीटर झाली असती, म्हणजे पंख नव्हे, पाट. म्हणून ती आतून घासायची, इतकी की दिव्यासमोर धरली तर प्लास्टिकमधून उजेड यावा, आणि मग एक सेकंद जास्त घासलं तर भोक. डाव्या पंखाला मी तो एक सेकंद जास्त घासला. पुट्टी भरली. तो पंख हातात घेतला तर मला अजून कळतो, इतर कुणाला कळत नाही असं मला सगळे सांगतात.

चतुर्थीनंतर डिकल लावायला घेतली. पाण्यात सोडली की कागदावरून सुटून येणारी ती पातळ चित्रं. केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं, आयएन आणि पुढे तीन आकडे, आणि नाकाजवळचा उडी मारणारा पांढरा वाघ, मुंगीपेक्षा थोडा मोठा. कुठून आलेली ती मी सांगत नाही, पण पहिलं वर्तुळ पाण्यात घातलं आणि त्याचे पापुद्रे झाले. दुसरं टिकलं, पण करड्या पंखावर ठेवल्यावर केशरी रंग खालच्या करड्यामुळे मळकट झाला, चार दिवसांच्या झेंडूसारखा. मग आधी पांढरी गोल चकती रंगवायची, वर डिकल. एवढं झाल्यावर ते पृष्ठभागाच्या खाचांत नीट बसावं म्हणून मऊ करावं लागतं. त्याचं खास औषध मिळतं, माझं संपलं होतं. व्हिनेगारने काम भागतं हे जुने लोक सांगतात. शेजारच्या आंटीने घरच्या माडाच्या सुरेचं व्हिनेगार बाटलीभर दिलेलं होतंच, सोरपोतेल या डुकराच्या मटणाच्या पदार्थात घालतात त्या दर्जाचं.

डिकल सुरेख बसलं. पण बाजारचं व्हिनेगार पाण्यासारखं असतं आणि हे तांबूस. पंखाच्या मुळाशी, पोटाच्या बाजूला, दुधी रंगावर एक पिवळट ओघळ उमटला आणि वाळला. मुलांना तीस वर्षं सांगितलं, आधी टाकाऊ तुकड्यावर करून बघा. मी रात्री अकरा वाजता तो ओघळ साबणाच्या पाण्याने पुसत बसलो. फिका झाला, गेला नाही. सकाळी काकांना दाखवलं तेव्हा विमान उलटं माझ्या हातात होतं आणि माझा चेहराही तसाच. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, ओघळ बघितला आणि हसू लागले. "कुणी सांगितलं तुम्हाला? बरोब्बर जागा. हितनंच यायचं तेल."

मग ते थोडा वेळ गप्प राहिले आणि एक गोष्ट सांगितली, जी त्या चहाच्या दिवशी सांगितली नव्हती. युद्धाच्या आधी एका विमानाच्या पोटाला, पंखाच्या मुळापाशी, पत्रा फाटला होता. काकांनी हातभर लांबीचं ठिगळ लावलं. रंग जुळवायला वेळ नव्हता, हाताशी होता तो मारला, थोडा जास्त पिवळा. विमान गेलं. लढाई संपली, विमान परत दाबोळीला आलं. "सगळे पायलटला हार घालत होते. मी खाली वाकलो. माझं ठिगळ होतं. एक रिव्हेट हललं नव्हतं." कोणतं विमान, कोणता नंबर, ते त्यांना आठवतं. मी विचारलं, त्यांनी सांगितलं. तो नंबर इथे लिहीत नाही, तो त्यांचा आहे. शेपटीचा वाद त्या नंबराने मिटला. "तुम्ही बघितलं असणार ते," काका म्हणाले. "पुढं कितीतरी वर्षं तसंच होतं. चिखलीवरनंच तर जायचं." मी म्हटलं, काका, तेवढ्या उंचीवर ठिगळ काय दिसणार? ते म्हणाले, पोरांची नजर लई तेज असते.

मॉडेल करणाऱ्याला शेवटी हे ठरवावंच लागतं की आपण कुठल्या दिवशीचं विमान करतोय. एकच विमान, पण सोमवारचं वेगळं आणि शुक्रवारचं वेगळं. कुठे रंग उडालेला, कुठे नवा हात मारलेला, पंखाखाली बाँब की टाक्या. मी सुरुवातीपासून 4 डिसेंबर धरून चाललो होतो. किटमध्ये बाँबही होते, मी ते रंगवूनही ठेवले होते. डेकचा तुकडाही बनवायचा होता, त्यावर पिवळ्या जर्किनमधला, दीड इंचाचा, हात वर केलेला माणूस. खोक्यावरच्या चित्रात असतो तसा. तो दिवस मी पाहिला नव्हता. काकांनीही नाही.

बाँब डबीत घालून ठेवले. माझं विमान दाबोळीला, हँगरबाहेर, सत्तरच्या दशकातल्या कुठल्यातरी दुपारी उभं आहे. पंख मिटलेले. पोटाला हातभराचं, म्हणजे माझ्याकडे नऊ मिलिमीटरचं, थोडं जास्त पिवळं ठिगळ आहे, ते उलटं केल्याशिवाय दिसत नाही. व्हिनेगारचा ओघळ तसाच ठेवला. नाकात खारीवाड्याचं शिसं आहे, त्यामुळे तिन्ही चाकं टेबलाला टेकतात. पाठीवर करडा, पोटाला दुधी. या बाबतीत आम्हा दोघांचंही खरं निघालं, म्हणून दोघांनाही थोडं हिरमुसल्यासारखं झालं. भांडण बरं चाललं होतं.

सी हॉक आता कुठेच उडत नाही. 1983 च्या डिसेंबरात पहिली सी हॅरियर दाबोळीला उतरली तेव्हा मी कॉलेजात होतो, आम्ही सगळे सायकली टाकून बघायला पळालो. 2016 मध्ये तीही निवृत्त झाली. त्यांच्या जागी आलेल्या मिग-29के विमानांचा आवाज मांजरपाट फाडल्यासारखा नाही, सगळा गाठोडाच फाडल्यासारखा आहे. जुन्या विक्रांतचं भंगार झालं, तिच्या पोलादाच्या मोटरसायकली निघाल्या, आमच्या गल्लीतही एकाकडे आहे. किक मारली की काका खिडकीतून म्हणतात, "बॉयलर दुरुस्त केला वाटतं."

मागच्या रविवारी विमान काचेच्या कपाटात ठेवण्याआधी मी त्यांना वर बोलावलं. त्यांनी डोळ्याच्या पातळीवर येईपर्यंत वाकून बघितलं, चाकं, हुक, वाघ. काही बोलले नाहीत. मग विचारलं, "ट्रे कुठाय?"

मी विसरलो होतो. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पाकिटाची चांदी टेबलावर पडलेली होती. तिचा चौकोन कापला, चिमट्याने चारी कडा दुमडल्या, कोपरे दाबले. एक सेंटिमीटरचा ट्रे झाला. पंखाच्या सांध्याखाली सरकवला. काकांनी चष्मा वर केला, पुन्हा वाकले आणि मान हलवली.

"कोरडा?"

मी तपकिरी रंगाची डबी शोधायला उठलो.